पाटी घरची, पाहुणा तिऱ्हाईत

नाशिककराला वेषांतराचे कौतुक सांगू नये. मुंबईकराला गर्दीचे, पुणेकराला पाट्यांचे आणि नागपूरकराला उन्हाचे जसे सांगू नये, तसेच हे. वेष पालटून दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याच्या विद्येचा सर्वांत गाजलेला प्रयोग आमच्या पंचवटीत झाला. प्रयोगाचे श्रेय लंकेला गेले, पण रंगमंच आमचा होता हे कोणी विसरू नये.

पहिली आली शूर्पणखा. सुंदर स्त्रीचे रूप घेऊन आली, असे कीर्तनकार सांगतात. जाताना नाक ठेवून गेली आणि त्या नाकावरून गावाला नाव मिळाले, असे आम्ही मानतो. नऊ शिखरांवरून नाशिक नाव पडले म्हणणाराही एक पक्ष गावात आहे, पण त्या पक्षाला नाक नाही. दुसरा आला मारीच, सोन्याच्या हरणाच्या वेषात. आणि तिसरा खुद्द रावण, हातात भिक्षापात्र घेऊन.

या कथेतली एक गोष्ट ऐकणाऱ्याच्या ध्यानातून निसटते. रावणाला सीतेची वर्दी दिली कोणी? शूर्पणखेने. म्हणजे एकीने दारावर येऊन घर पाहून जायचे, पाहिलेले दुसऱ्याच्या कानावर घालायचे, मग तिसऱ्याने मन भुलेल असे काहीतरी डोळ्यांपुढून नाचवायचे, आणि घरचे लोक त्याच्यामागे धावले की मुख्य गिऱ्हाइकाने पुढे व्हायचे. आज इंटरनेटवर ज्याला जाहिरातीचा धंदा म्हणतात तो याहून फारसा निराळा नाही. रावणाला तोंडे दहा होती, हल्ली जास्त असतात, एवढेच.

आणि ती रेषा! लक्ष्मणाची रेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, ती मागाहूनच्या कथांतून आली, असे जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे. सीतागुंफेच्या रांगेत उभे राहून हे वाक्य मोठ्याने उच्चारण्याची माझी छाती नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे. रेषा पक्की होती. परक्याला आत येऊ देत नव्हती. म्हणून परक्याने रेषेशी झटापट केलीच नाही. ज्याला दारातून विन्मुख पाठवू नये अशी घराची रीत होती, त्या अतिथीचे सोंग त्याने घेतले. रेषा जिथल्या तिथे राहिली आणि काम झाले.

हे सगळे पुराण मला आठवले ते गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी झालेल्या एका प्रकारावरून.

आधी माझी ओळख करून दिली पाहिजे. मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. प्रेस म्हणजे लग्नपत्रिका छापण्याचा कारखाना नव्हे. १९२५ साली इथे सरकारचा सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि पोस्टाची तिकिटे विलायतेऐवजी आमच्याकडे छापली जाऊ लागली. १९२८ साली शेजारी नोटांचाही छापखाना आला. माझ्या नोकरीची वर्षे खरे आणि खोटे यांतला फरक ओळखण्यात गेली. अजूनही हातात नोट आली की मी ती आधी खिडकीकडे धरतो आणि कागदातली पाण्याची खूण पाहतो. एकदा मुंजीत आहेराची नोट यजमानांसमोरच उजेडाला धरली. त्या घरातले पुढचे बोलावणे अजून आलेले नाही.

तर असा हा खरेखोटे ओळखणारा मी, गेल्या आषाढात दोनदा दुधाखालचा गॅस बंद करायला विसरलो. ते एक वेळ चालले असते. पण एका सोमवारी शालिमारला स्कूटरवरून गेलो, भाजी घेतली आणि रिक्षाने घरी आलो. स्कूटर चोरीला गेली असे मला दुसऱ्या दिवशी समजले. तिसऱ्या दिवशी तक्रार नोंदवायला निघालो, तर वाटेत शालिमारला चोरीला गेलेली स्कूटर मीच लावली होती तिथे उभी! सीटवर पावसाचे पाणी साचले होते आणि माझ्याकडे पाहत होती. मला घाम फुटला. हसू नका. सत्तरी उलटलेल्या माणसाला अशा वेळी स्कूटर सापडल्याचा आनंद होत नाही.

घरी मी काही बोललो नाही. सौभाग्यवतींना स्कूटर गॅरेजमध्ये होती असे सांगितले. रात्री साडेअकराला त्या झोपल्या आहेत अशी खात्री करून घेऊन मी लॅपटॉप उघडला आणि एका नेहमीच्या संकेतस्थळावर, जिथे बातम्या, आरोग्य, राशिभविष्य आणि पाककृती असा सगळा संसार एकत्र नांदतो, तिथे ‘विसरणे कितपत काळजीचे’ यावरची सहा पाने वाचून काढली. वाचून झोप लागण्यासारखी ती पाने नव्हती. लॅपटॉप मिटला आणि पडलो. आता ही गोष्ट फक्त मला आणि देवाला ठाऊक, अशी माझी समजूत होती.

सकाळी सौभाग्यवती त्याच लॅपटॉपवर त्याच ठिकाणी उकडीच्या मोदकांची कृती पाहत होत्या. तांदळाची पिठी आणि नारळाचा चव यांच्या मधोमध एक चौकट होती : ‘घरातले ज्येष्ठ विसरू लागलेत? ही सात लक्षणे ओळखा.’ दुसऱ्या दिवशी अळूच्या वड्यांच्या शेजारी ब्राह्मीच्या गोळ्या आल्या. चौथ्या दिवशी पुरणपोळीखाली एक वृद्धनिवास उगवला. आजी-आजोबा बागेत हसत होते. इतके हसण्यासारखे त्या बागेत काय होते ते चित्रात दिसत नव्हते.

सौ. काही बोलल्या नाहीत. फक्त आठवड्याभरात दाराजवळ किल्ल्यांसाठी एक खिळा ठोकला गेला आणि रात्री गॅसचा कॉक बंद केल्याचा आवाज दोनदा येऊ लागला. एकदा मी करीत असे, एकदा त्या. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात काही न बोलता इतके बोलणे आमच्यात कधी झाले नव्हते.

दिवाळीला पुण्याहून भाचा आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला गच्चीवर नेऊन मी अर्धी हकीकत सांगितली. स्कूटर गाळली.

“मामा, तुमच्याकडे ॲडब्लॉकर नाही का?”

“आहे की. तूच तर दोन वर्षांपूर्वी बसवून दिलास. परक्या जाहिराती एकदम बंद झाल्या. पण या चौकटी येतात त्या त्या लोकांच्या स्वतःच्याच असतात ना?”

“तेच तर बघायचंय, स्वतःच्या आहेत का ते,” असे म्हणून तो खाली आला. चकल्यांचा डबा जवळ ओढून बसला आणि त्याने मला जो इतिहास ऐकवला, तो चकल्यांचा हिशेब वगळून इथे देतो.

१९९४ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली नावाच्या तरुणाने कुकीची युक्ती काढली. त्या काळी संकेतस्थळाची स्मरणशक्ती माझ्याहून वाईट होती. एका पानावर तुम्ही पुस्तक पसंत केलेत आणि दुसऱ्या पानावर पैसे द्यायला गेलात, की ते विचारी, ‘आपण कोण?’ म्हणून दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवून द्यायची आणि पुढच्या वेळी ती पाहून ओळखायचे, अशी सोय झाली. त्या चिठ्ठीचे नाव कुकी. विसरभोळ्या यंत्रासाठी काढलेली ती ब्राह्मीची गोळीच म्हणा. तिच्यात वाईट काही नव्हते. एक नियमही होता : ज्याने चिठ्ठी ठेवली त्यालाच ती वाचता येईल.

पण पानावरची चित्रे दुसऱ्याच्या घरून मागवता येत होती. जाहिरातवाल्यांनी हे हेरले. त्यांचे एक चित्र हजार दुकानांत लागले आणि प्रत्येक दुकानात शिरताना तुमच्या खिशात त्यांची एकच चिठ्ठी. तुम्ही सराफाकडे गेलात, वाण्याकडे गेलात, डॉक्टरकडे गेलात, सगळीकडे भिंतीवरचे चित्र चिठ्ठी वाचणार. या चित्रवाल्याला इंग्रजीत थर्ड पार्टी आणि दुकानदाराला फर्स्ट पार्टी म्हणतात. आपल्याला नवा शब्द शोधायला नको. तिऱ्हाईत हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तिऱ्हाइताने घरच्या गोष्टीत नाक खुपसले तर काय होते हे नाशिकला वेगळे सांगायला नको.

यावर उतारा निघाला २००२ साली. डेन्मार्कमधल्या हेन्रिक आस्टेड सोरेन्सन या विद्यार्थ्याने, पुढे फायरफॉक्स नावाने गाजलेल्या ब्राउझरसाठी, ॲडब्लॉक नावाचे जोडकाम तयार केले. २००५ पासून ‘ईझीलिस्ट’ या नावाची एक यादी निघाली. कोणत्या पत्त्यावरून जाहिराती येतात त्याची ती नोंद. लोकांनी तक्रारी पाठवायच्या आणि यादी वाढवायची. २००६ साली व्लादिमीर पालांट याने ॲडब्लॉक प्लस आणले. २०११ मध्ये त्यात ‘सभ्य जाहिराती येऊ द्याव्यात’ असा पाहुणचार सुरू झाला आणि सभ्य कोणाला म्हणावे यावर वाद पेटला. आमच्या गल्लीत गणपतीच्या वर्गणीवरून पेटतो तसाच. २०१४ साली रेमंड हिल याने यूब्लॉक लिहिले. त्याचेच २०१५ पासूनचे नाव यूब्लॉक ओरिजिन. हा माणूस देणगीही घेत नाही. भाच्याने हे सांगितले तेव्हा सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मग तो टिकायचा नाही.” पण तो टिकला.

या सगळ्या जोडकामांचे मर्म एकच. वाड्याच्या दारात रखवालदार, रखवालदाराच्या हातात यादी. येणाऱ्याचे नाव यादीत असेल तर बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचे. शिवाय ब्राउझरही शहाणे झाले. ॲपलच्या सफारीने २०१७ साली तिऱ्हाइतांच्या चिठ्ठ्यांवर नवा चाप लावला. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून ओळखीच्या पाळतकऱ्यांच्या चिठ्ठ्या आपणहून नाकारायला सुरुवात केली. रेषा पक्की झाली.

आणि रेषा पक्की झाली की काय होते, ते वर सांगून झालेच आहे.

“मामा, टोपणनाव आणि पाळण्यातलं नाव यात फरक असतो ना?” भाच्याने विचारले.

“असतो. तुझ्या आजोबांना सगळे बापू म्हणत. त्यांचं खरं नाव आम्हाला मृत्युपत्रावरून कळलं.”

“हे तेच.”

इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला एक नाव असते आणि त्या नावामागे आकड्यांचा पत्ता. नावावरून पत्ता सांगणारी एक भलीमोठी डिरेक्टरी आहे. तिला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस याने १९८३ साली ती आखली. त्या डिरेक्टरीत पहिल्यापासून एक सोय आहे : एखाद्या नावापुढे पत्ता न लिहिता ‘हे टोपणनाव समजावे, पाळण्यातले नाव अमुक’ असे लिहिता येते. या नोंदीला सीनेम म्हणतात. यंत्र बदलले, जागा बदलली तरी जुने नाव चालू राहावे, म्हणून केलेली ही साधी आणि सज्जन सोय.

तिचा उपयोग असा झाला. एखाद्या वाड्याच्या मालकाने मागच्या बाजूची एक खोली तिऱ्हाइताला दिली आणि दारावर पाटी लावली ती मात्र आपल्याच आडनावाची. डिरेक्टरीत त्या नावापुढे बारीक अक्षरात त्या तिऱ्हाइताचे पाळण्यातले नाव आहे. पण रखवालदार डिरेक्टरी कशाला उघडतो? तो पाटी वाचतो. आडनाव मालकाचे, म्हणजे घरचाच माणूस. या या, बसा. ब्राउझरही आडनावावरच विश्वास ठेवतो. त्यामुळे पुष्कळदा घरच्या चिठ्ठ्या त्या खोलीत आपसूक पोचतात. तुम्ही कुलूप उघडून आत आलात याची खूण सांगणारी चिठ्ठीसुद्धा. ती ज्याच्या हाती लागली तो तुमच्या नावाने आत येऊ शकतो.

ही युक्ती काही वर्षे चालूच होती. तिचा बोभाटा झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये, फ्रान्समध्ये. ‘लिबेरासिओं’ हे पॅरिसचे नावाजलेले दैनिक. त्याच्या संकेतस्थळावर एका जागरूक माणसाला एफ-सेव्हन-डी-एस असे नाव लावलेली एक खोली दिसली. पुढे आडनाव दैनिकाचेच. असले नाव कोणी आपल्या पोराला ठेवील का? त्याने डिरेक्टरी उघडली, तर पाळण्यातले नाव निघाले युलेरियन या वाचकांची मोजदाद करणाऱ्या कंपनीचे. त्याने हा प्रकार यूब्लॉक ओरिजिनकडे कळवला. प्रश्न सरळ होता. यादीत दैनिकाचे नाव घातले तर दैनिकच बंद होणार, आणि न घातले तर पाहुणा आत.

रेमंड हिल याने जे केले ते आमच्या प्रेसमधल्या माणसाला लगेच पटेल. त्याने नोट उजेडाला धरली. फायरफॉक्समध्ये जोडकामाला डिरेक्टरी विचारण्याची मुभा आहे. तिचा उपयोग करून यूब्लॉक प्रत्येक संशयिताला विचारू लागला, ‘पाटी राहू द्या, पाळण्यातले नाव काय?’ जे उत्तर येईल ते पुन्हा यादीशी ताडून पाहायचे. तिथे सापडला की बाहेर. २०२० च्या सुरुवातीपासून ही सोय सर्वांना मिळाली. त्याच वर्षी ब्रेव्ह ब्राउझरनेही तसेच केले, आणि सफारीने अशा खोलीतून आलेल्या चिठ्ठीचे आयुष्य सात दिवसांवर आणले. क्रोममध्ये मात्र जोडकामाला डिरेक्टरी उघडू देत नाहीत. तिथे रखवालदाराने पाटी वाचायची आणि गप्प बसायचे. पुढे २०२४-२५ मध्ये क्रोमने जोडकामांचे नियमच बदलले. तेव्हा मूळ यूब्लॉक ओरिजिनला तिथून जावे लागले आणि त्याची ‘लाइट’ आवृत्ती मागे राहिली. डोळ्यांवर हात ठेवलेला रखवालदार असे भाच्याने तिचे वर्णन केले, पण तो चकलीच्या भरात होता. ती पुष्कळ तिऱ्हाइतांना अडवते. पाळण्यातले नाव मात्र विचारू शकत नाही.

हा उपद्रव केवढा, तेही मोजून झाले आहे. बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी २०२१ साली जगातली पहिली दहा हजार संकेतस्थळे तपासली. त्यांतल्या जवळजवळ १० टक्के ठिकाणी अशी पाटीआडची खोली सापडली. आणि जिथे खोली होती त्यांतल्या ९५ टक्के ठिकाणी घरच्या चिठ्ठ्या तिऱ्हाइताकडे गळत होत्या. पाहुणा नुसता बसला नव्हता, कपाटही उघडे होते.

एवढे सांगून भाच्याने आमच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स घातले, त्यात यूब्लॉक ओरिजिन बसवले आणि मोदकांचे पान उघडले. शेजारी एक नोंदवही उघडली. तिच्यात ओळी सरकत होत्या. एका ओळीवर त्याने बोट ठेवले. वर आमच्या नेहमीच्या संकेतस्थळाचे आडनाव लावलेले एक नाव होते आणि खाली बारीक अक्षरात दुसरेच, कधी न ऐकलेले. ती ओळ लाल होती. मोदक तेवढे राहिले. ब्राह्मी नाही, बाग नाही, हसणारे आजोबा नाहीत.

मी सवयीने लॅपटॉपचा पडदाच उजेडाकडे वळवला. भाचा हसला. हसू दे. माझी सगळी नोकरी ज्या एका गोष्टीवर गेली, तीच ती गोष्ट होती. नोटेवर काय छापले आहे ते कोणीही छापू शकतो. कागदाच्या आत काय आहे ते पाहावे लागते.

“म्हणजे आता कटकट मिटली,” मी म्हणालो.

“छे! आता काहीजण टोपणनावाची नोंदही ठेवत नाहीत. आकड्यांचा पत्ताच घरच्या नावावर लिहून टाकतात. काही ठिकाणी तर घरमालकच आत सगळं टिपून घेतो आणि मागच्या दाराने पोचवतो. तिथे रखवालदार काय करणार?”

मारीचाच्या कथेतही तो बाण लागून पडला, पण पडता पडता रामाचा आवाज काढून ओरडला होता. वेषांतर संपले की आवाजांतर सुरू होते.

आता कोणी म्हणेल, एवढा कसला बाऊ? नोंदी कोण ठेवत नाही? खरे आहे, आणि नाशिककराने तर हे मान्यच केले पाहिजे. रामकुंडावर उतरलेल्या यात्रेकरूला पहिला प्रश्न येतो, “आडनाव काय? गाव कोणतं?” तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. गाव सांगितले की गुरुजी वही काढतात आणि पणजोबा केव्हा आले, बरोबर कोण होते, हे तुमच्यापुढे ठेवतात. पणजोबांची सही पाहून डोळे भरून आलेली माणसे मी पाहिली आहेत. पण ही नोंद कशी? विचारणारा समोर उभा. स्वतःचे नाव सांगून विचारणार. तुमच्या देखत लिहिणार आणि तुमचीच वही तुम्हाला दाखवणार. एवढ्या मोठ्या नोंदणीखात्यात वेषांतर करून आलेला एक गुरुजी मला अजून भेटलेला नाही.

दुसरे उदाहरण याहून नवे. २००३ च्या सिंहस्थात ऑगस्टमध्ये चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. ती आठवण गावाच्या मनातून गेलेली नाही. त्यानंतरच्या २०१५ च्या सिंहस्थात ‘कुंभथॉन’ उपक्रमातून नाशिकच्या मुलांनी ‘आशिओतो’ नावाची चटई करून पाहिली. आशिओतो म्हणजे जपानीत पावलांचा आवाज. वाटेवर चटई अंथरायची, तिच्यावरून किती पावले गेली ते ती मोजणार आणि कुठे गर्दी वाढते आहे ते पोलिसांना कळणार. पाऊल कोणाचे, साधूचे की संसारी माणसाचे, त्याने काल रात्री काय वाचले, हे त्या चटईला ठाऊक नव्हते आणि तिला त्याची गरजही नव्हती. जीव वाचवायला पावले मोजली की पुरते. ब्राह्मीच्या गोळ्या विकायला मात्र माणसाच्या उशाशी बसावे लागते, असे या धंद्याने ठरवून टाकले आहे.

कायदाही हळूहळू येतो आहे. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी नावाचे निवृत्त न्यायाधीश २०१२ साली, ऐंशी उलटल्यावर, सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या खटल्यात ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले. ऐंशीच्या पुढे माणूस असे काही करू शकतो हे वाचून मला स्कूटरचे दुःख जरा हलके वाटले.

भाचा भाऊबीज करून गेला. डबा रिकामा, लॅपटॉप स्वच्छ. त्या रात्री जेवण झाल्यावर मला एकदम जाणवले, की आता आपले गुपित पुन्हा आपले झाले आहे. आणि गुपित आपले झाल्यावर ते कोणाला सांगायचे हेही आपणच ठरवायचे असते. इतके दिवस ती सोय नव्हती.

“अगं, एक सांगायचं होतं.”

“स्कूटरचं ना?”

“तुला कोणी सांगितलं?”

“गॅरेजवाल्याने. त्याला विचारलं, काय बिघडलं होतं. तो म्हणाला, कुठली स्कूटर?” आणि मग जरा थांबून म्हणाल्या, “पण मला वाटलं, त्या चौकटी माझ्यामुळे येताहेत.”

“तुझ्यामुळे?”

“आषाढी एकादशीला आरतीत मी मधेच अडकले. लहानपणापासूनची आरती, आणि पुढचं कडवं आठवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही झोपला होतात, तेव्हा मी ते वाचत बसले होते. विसरण्याचं. मग रोज तेच यायला लागलं. म्हटलं, तुमच्या नजरेला पडलं तर उगीच काळजी कराल. म्हणून तुम्ही आलात की पान वर सरकवायचे.”

मला काय बोलावे ते कळेना. एका घरात राहणारी दोन माणसे, दोघांची काळजी एकच. ती त्या पाटीआडच्या पाहुण्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. त्याने ती वृद्धनिवासवाल्याला कळवली, गोळीवाल्याला कळवली. फक्त आम्हाला एकमेकांची कळवली नाही. कळवणार तरी कशाला? घरचे काम घरच्यांनी करायचे असते आणि तो घरचा नव्हता, नुसती पाटी घरची होती.

दुसऱ्या आठवड्यात दोघेही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासले. दोघांचेही ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी या म्हणाले. गोळी घेतलीस का, हे मी त्यांना सकाळी विचारतो आणि त्या मला रात्री विचारतात. अधूनमधून दोघेही विसरतो. पण आता विसरलो तर तसे एकमेकांना सांगतो.

परवा दुपारी बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ. “मी तुमच्या मेहुण्यांच्या ओळखीचा,” म्हणाले. मी त्यांना नीट खालीवर पाहिले आणि विचारले,

“ते ठीक आहे. पाळण्यातलं नाव काय?”

गृहस्थ गोंधळले. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “अहो, येऊ द्या त्यांना. आपणच बोलावलंय. विसरलात का?”